सरळ तारेचा शाप

मला आमच्या गावच्या मयतींची किळस येते. मेलेल्याच्या दुःखाला मी नावं ठेवत नाही. पण महिनोन् महिने शवागारात थंड करून ठेवलेलं प्रेत, मग ते तंबू, भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारे भोंगे, पायांना चिकटणाऱ्या पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, आणि अंगावर दुखवट्याचं लाल-काळं कापड घेऊन पहिल्याच घासाला ‘मटण कमी घातलंय’ म्हणणारी तोंडं, हे सगळं पाहिलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तरी मी प्रत्येक मयतीला जाते. आसेनुआत राहायचं तर जावंच लागतं. आपल्या वेळी कोण येईल याची चिंता प्रत्येकाच्या पोटात असते, तशी माझ्याही आहे.

आम्पोन्सेमची गोष्ट सांगायची तर ती त्याच्या सासूच्या मयतीशिवाय सांगता येत नाही, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

आम्पोन्सेम आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मी इतिहास शिकवते आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून राहते, त्यामुळे त्याचं वर्गातलंही ऐकू येतं आणि घरातलंही. शाळेच्या प्रयोगशाळेत कप्प्या नाहीत. त्या कधीच गंजून गेल्या. हा पठ्ठ्या शिंप्याकडून दोऱ्याची रिकामी रिळं आणतो, ती खिडकीच्या गजांना बांधतो, त्यावरून दोरे सोडतो, दोऱ्यांना वाळूच्या पिशव्या लटकवतो आणि पोरांना कोन मोजायला लावतो. दुसरे मास्तर उत्तर आधी सांगतात आणि पोरांकडून त्याला साजेसे आकडे लिहून घेतात. परीक्षेत तेवढंच लागतं. आम्पोन्सेम मात्र ओरडतो, “आला तो आकडा लिहा! यायला हवा होता तो लिहू नका!” त्यावरून हेडमास्तरांनी त्याला कितीदा तरी झापलंय. त्याच्यात काही फरक पडत नाही.

त्याची बायको दुफी बाजारात कापड विकते. तिचं तोंड फटकळ आणि हात सढळ. ती सगळ्यांना सांगायची, “आमचे हे मला मागणी घालायला आले ना, तेव्हा आमचे नाना विचारत होते घराणं कुठलं, आईकडची माणसं कोण. आणि यांचं लक्ष कुठं? तर टेबल डुगडुगत होतं तिकडे. बोलणी चालू असताना खाली वाकले आणि पायाखाली कागदाची घडी सारून आले!” नाना सार्पोंग म्हणजे दुफीच्या आईचे भाऊ, त्या घराण्याचे कर्ते. त्या घडीची आठवण त्यांच्या मनातून कधी गेली नाही. आपलं टेबल डुगडुगतं हे जावयाने चारचौघांत दाखवलं, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं.

दुफीची आई, तिवाआजी, गेली तेव्हा तिचा मुलगा बाफूर हॅम्बुर्गहून आला. परदेशातून आलेल्यांना आमच्याकडे बोर्गा म्हणतात, आणि बोर्गा आला की सगळं मोठं व्हावं लागतं. शवपेटी मोठी, तंबू मोठे, भोंगे मोठे. बाफूरने त्यात भर म्हणून आईचा फोटो आणला. फोटो कसला, दाराएवढी लोखंडी चौकट, तिला जाड काच आणि कडेने लुकलुकणारे दिवे. तो अंगणाच्या मधोमध लटकवायचा होता. एका बाजूला घराच्या वरच्या सज्जाचा खांब, दुसऱ्या बाजूला समोरच्या दुकानाचा खांब, मध्ये पोलादी तार, आणि तारेच्या बरोबर मध्यावर तिवाआजी. खाली घराण्यातल्या म्हाताऱ्या बायकांची रांग, कारण मानाची जागा तीच. त्यात दुफीही बसणार होती, आणि तिची मुलगीही, कारण आमच्यात लेकरू आईच्या घराण्याचं. बाप सोयऱ्यांच्या तंबूत, पलीकडे.

तयारीच्या दिवशी मी भांडी पोचवायला गेले होते. तार बांधली होती, फोटो चढवला होता, आणि तो बऱ्यापैकी खाली लोंबत होता. नाना काठी आपटत ओरडत होते.

“हे काय? तारेला पोट सुटलंय! बोआतेंगांच्या मयतीला अशीच लोंबली होती. लोक अजून हसतात, म्हणे घराण्यात ओढायला माणसं उरली नाहीत. माझ्या बहिणीचा फोटो लोंबणार नाही. तार सरळ पाहिजे. आखल्यासारखी!”

“होईल नाना,” बाफूर म्हणाला. “आखल्यासारखी करतो.”

आम्पोन्सेम कापडाचा गठ्ठा घेऊन आला होता, जावयाने सासूला द्यायचं ते कापड. तो गठ्ठा खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, “सरळ होणार नाही.”

मी मनात म्हटलं, झालं. वाकला हा टेबलाखाली.

“का होणार नाही?” नानांनी विचारलं.

“फोटो खाली ओढतोय. त्याला वर धरायला काहीतरी वरच्या दिशेने ओढायला हवं. तार तिरकी आहे तोवर तिच्या ओढीचे दोन तुकडे पडतात. एक वर उचलणारा आणि एक आडवा. आडवे दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात आणि तिथेच जिरतात. उचलायचं काम फक्त उभ्या तुकड्याचं. तार जितकी सरळ कराल तितका उभा तुकडा लहान. मग तेवढंच ओझं उचलायला तार कितीतरी जास्त ताणावी लागते. पार आडवी केली तर उभा तुकडा उरतच नाही. मग उचलणार कोण?”

“तुकडे?” बाफूर हसला. “भावोजी, ही पोलादी तार आहे. तिचे तुकडे नाही पडत.”

सगळे हसले. खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आम्पोन्सेम चिडला नाही. त्याने पाण्याने भरलेला पिवळा डबा उचलून आणला, एका जाड दोराच्या मध्यावर बांधला, आणि शवपेटी उचलायला आलेल्या दोन धटिंगणांच्या हातात दोराची टोकं दिली.

“ओढा. दोर सरळ करून दाखवा.”

त्यांनी ओढलं. डबा वर आला, दोर बराच ताणला गेला, पण मध्ये बाक राहिलाच. आणखी दोघे लागले. मानेच्या शिरा फुगल्या, चपला मातीत घसरल्या, चेहऱ्यावरून घाम गळायला लागला. बाक जाईना.

“अरे, फुफू खाल्लं नाही का सकाळी?” भाजी चिरणारी एक बाई ओरडली. “एवढा पाण्याचा डबा आणि चौघं रेडे!”

“त्याच्यात मास्तरने दगड भरलेत!”

“दगड नाहीत,” आम्पोन्सेम म्हणाला. “डबा एकटा एका हाताने उचलाल. पण आडवं ओढून नाही उचलता येत. हेच तर सांगतोय मी.”

क्षणभर मला वाटलं, पटलं. नाना डब्याकडे बघत होते. पण मग बाफूर म्हणाला, “माणसांनी होत नाही, ते मशीनने होतं,” आणि फिटरकडून इंजिन उचलायचा चेनब्लॉक मागवला.

“मशीन तार ओढेल,” आम्पोन्सेम म्हणाला, “पण तेवढ्याच जोराने तुमचा खांबही ओढेल. खांबाला विटा आहेत, वर नुसता गिलावा. खाली म्हाताऱ्या बसणार आहेत, नाना.”

“जावईबापू,” नाना एकदम गोड आवाजात म्हणाले. त्यांचा गोड आवाज ऐकला की माझ्या अंगावर शहारे येतात. “कापड आणलंत, छान केलंत. श्नॅप्सची, मानाच्या दारूची बाटलीही आणा. घराण्याचं घराणं बघेल. तुमचं टेबल पलीकडे आहे. तिथला पाय डुगडुगत असेल तर बघा.”

आम्पोन्सेम गेला. काय करणार? आमच्याकडे जावयाने द्यायचं असतं, बोलायचं नसतं. फिटरने साखळी ओढली, तार किरकिरत वर आली, बाक जवळजवळ नाहीसा झाला. वारा आला की ती तार डासासारखी गुणगुणायला लागली. लोक वर बघून माना डोलवत होते. कसली भारी मयत आहे, म्हणत होते.

शनिवारी मयत. आभाळ भरून आलं होतं, ऊन औषधालाही नव्हतं. मी पोचले तेव्हा दुफी एकेक खुर्ची उचलून फोटोखालून आंब्याखाली नेत होती. तिचं लाल कापड सुटत होतं, कपाळावर घाम होता. म्हाताऱ्या कुरकुरत होत्या.

“हे काय चाललंय?” नानांनी विचारलं. “मानाची जागा सोडून आंब्याखाली?”

“म्हाताऱ्यांना ऊन लागतं, नाना,” दुफी म्हणाली.

“ऊन कुठंय?”

“येईल की.”

मी तिला खुर्च्या उचलायला हात लावला. ती माझ्याकडे बघेना. नवऱ्याचं ऐकलंय हे चारचौघांत कबूल करायचं नव्हतं तिला, आणि आईच्या फोटोखाली लेकीला बसवायचंही नव्हतं. मला तिची कीव आली. स्वतःच्या आईच्या मयतीला खोटं ऊन शोधत बसली होती बिचारी.

दुपारी पुरून आले. मग आहेराची घोषणा सुरू झाली. कोणी किती दिलं ते भोंग्यावरून ओरडायचं, आणि ज्याने जास्त दिलं त्याच्यासाठी बाजा वाजवायचा. आईला मातीत घालून येतात आणि तासाभरात लिलाव मांडतात. निवेदकाने बाफूरचं नाव घेतलं, मग लांबण लावून तिवाआजीचं नाव घेतलं, आणि त्याच वेळी सज्जाच्या खांबातून काहीतरी कडकडलं. खांबाचा वरचा भाग विटांसकट निघून आला. तार चाबकासारखी उसळली, आणि तिवाआजी तोंडावर पडली.

काच सगळीकडे उडाली. खाली कोणी नव्हतं. निवेदकाचा एक भोंगा तेवढा चेपला, दुसरा किंचाळत राहिला. कोणीतरी वायर ओढून तो बंद केला.

मग सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथे मातीत खुर्च्यांच्या पायांचे ठसे अजून होते. तिथून नजरा आंब्याखाली गेल्या, आणि तिथून दुफीवर.

नाना उठले. “तू म्हणालीस ऊन लागतं.”

दुफीने कापडाचं सुटलेलं टोक खोचलं.

“ऊन नव्हतं. मग खुर्च्या का हलवल्यास? तुला कसं कळलं?”

आमच्याकडे बाईला हा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. चेटकीण हा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता, पण तो अंगणात येऊन बसला होता. दुफीच्या शेजारची म्हातारी, जिचा जीव दुफीने सकाळी वाचवला होता, तिने आपली खुर्ची बाजूला सरकवली. मी पाहिलं. एवढंसंच सरकवली. मला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

“नाना, तार फार ताणली होती,” मी म्हणाले. “मास्तर काल सांगत होता ना.”

“नवी तार,” बाफूर घाईने म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याची तार, त्याची चौकट, त्याचं मशीन. दोष त्याच्यावर यायच्या आत दुसऱ्या कोणावर तरी जायला हवा होता. स्वतःची सख्खी बहीण असली तरी. “मशीनची चूक असती तर कालच पडली असती. रात्रभर राहिली, सकाळभर राहिली, आणि आईचं नाव घेतल्याबरोबर पडली? हे तारेचं काम नाही.”

“आईच्या मरणाला कोण कारण झालं, तेही बघायला पाहिजे मग,” मागून कोणी तरी म्हणालं.

दुफीच्या मुलीने आईचं कापड धरलं. दुफीने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिला आवाज फुटला नाही असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या तंबूतून आम्पोन्सेम चालत आला. सोयऱ्याने यजमानांच्या अंगणात असं मधोमध यायचं नसतं. तो आला आणि फुटक्या काचेवर उभा राहिला.

“मी केलं,” तो म्हणाला.

“काय केलंत?”

“शाप दिला. काल तुम्ही सगळे हसलात, मला राग आला. मी तारेला शाप दिला, की मयतीत तुझं तोंड मातीत जावं. रात्री मला वाईट वाटलं, म्हणून बायकोला सांगितलं, तिथे बसू नकोस. तिचा दोष नाही. जीभ माझी.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माणूस आयुष्यभर पोरांच्या पाठीस लागला की आला तोच आकडा लिहा, आणि तो इथे गावासमोर, पायाखाली विटा दिसत असताना, असं बोलत होता. त्याच्या बुटाशेजारीच तो खांबाचा तुटका तुकडा पडला होता. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आणि बघा, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कसं समाधान पसरलं! कारण सापडलं. पुरुषाने रागात दिलेल्या शापाला आमच्याकडे दंड असतो, एक मेंढी आणि श्नॅप्स, आणि मग तो मिटतो. बाईला लागलेला तो शब्द मिटत नाही. हे त्याला ठाऊक होतं. नाना तर जवळजवळ प्रेमाने म्हणाले, “कबूल केलंत, हे बरं केलंत जावईबापू.” संध्याकाळच्या आत मेंढी कापली. तिचं सूप झालं, आणि ज्या म्हातारीने खुर्ची सरकवली होती तिने दोनदा मागून घेतलं. वर एक पिशवी भरून घरीही नेलं.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी रडले असते. पण दुसऱ्या दिवशी रविवारी आभाराची प्रार्थना होती, आणि बाफूरने काच नसलेली चौकट पुन्हा चढवायला घेतली. आता तार सज्जाच्या दुसऱ्या खांबाला बांधली. चेनब्लॉक तोच. आणि म्हाताऱ्यांच्या खुर्च्या पुन्हा बरोबर खाली!

मी नानांना म्हणाले, “पुन्हा तसंच?”

“आता काय भीती? शाप उतरला,” नाना म्हणाले. “मेंढी दिली ना. ताण रे, सरळ कर!”

साखळी कुरकुरायला लागली. दुफीने आपल्या मुलीला मागे ओढलं, पण म्हाताऱ्या निवांत बसल्या होत्या. आम्पोन्सेमने खोटं बोलून बायकोला वाचवलं होतं, आणि त्याच खोट्याने आता यांची भीती काढून घेतली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पलीकडच्या तंबूत उभा होता, ओठ पांढरे पडलेले. मग तो पुन्हा अंगणात आला.

“थांबा,” तो म्हणाला. “शाप पुरता उतरला नाही.”

साखळी लगेच थांबली.

“म्हणजे?” बाफूरने विचारलं. या वेळी तो हसला नाही.

“तार सरळ केली तर तो पुन्हा जागा होईल. तशी अट आहे त्याची. तार लोंबली पाहिजे.”

“किती?”

आम्पोन्सेमने दोन्ही खांबांकडे पाहिलं, मधल्या अंतराकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. लोकांना वाटलं मंत्र. मला ठाऊक होतं तो कोन काढत होता. मग त्याने हात वर करून दाखवलं. “चौकट इथवर खाली. याच्या वर एक बोटही नाही.”

“सोड रे साखळी!” नाना ओरडले. “सोड, आणखी सोड! मास्तरांचा हात दिसत नाही का?”

बाफूर स्वतः धावला. तार सैल झाली, मध्ये छान खोल बाक पडला, गुणगुणणं बंद झालं. तिवाआजी शांत लटकत राहिली. घराण्याची लाज, बोआतेंगांची तार, लोक हसतील, यातलं कोणाला काही आठवलं नाही. ‘का’ असं एकानेही विचारलं नाही. दोन दिवसांपूर्वी चौघा धटिंगणांच्या घामाने जे पटलं नव्हतं, ते शापाचं नाव घेतल्याबरोबर पटलं.

प्रार्थना सुरू झाली तेव्हा आम्पोन्सेम दिसेना. मी घरामागे गेले. तो भिंतीला हात टेकून ओकत होता. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त. दुफी त्याची पाठ चोळत होती.

“मेंढी बाधली का?” मी उगाच विचारलं.

“मेंढी खाल्लीच नाही ताई,” तो म्हणाला. “काल जे बोललो ना, ते पोटात आहे.”

“तुम्ही बोललात म्हणून मी इथे उभी आहे,” दुफी म्हणाली.

तेव्हापासून आसेनुआत कुठेही तंबूचा दोर ताणायचा असला, पाटी लटकवायची असली, की कोणीतरी बाटली घेऊन आम्पोन्सेमच्या दारात येतं आणि हळूच विचारतं, “मास्तर, त्याला किती बाक लागेल?” तो सुरुवातीला कागद काढून समजावायचा, उभा तुकडा, आडवा तुकडा. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, ते राहू द्या हो, ते तुमचं आतलं, आम्हाला फक्त बाक सांगा. आता तो बाक सांगतो आणि बाटली परत देतो. बाटली घेतली नाही म्हणजे याची विद्या फार जबर, असं गाव समजतं.

गेल्या परीक्षेचे पेपर तपासताना तो एक उत्तर घेऊन माझ्याकडे आला. प्रश्न त्याचाच होता, दोन दोरांवर मधोमध पाटी लटकवली आहे, दोर पूर्ण आडवे का करता येत नाहीत? उत्तर नानांच्या नातीचं होतं. वर्गातली हुशार मुलगी. चित्र नेटकं काढलं होतं, बाकही बरोबर दाखवला होता. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, दोर आडवे केले तर शाप जागा होतो आणि खालची माणसं मरतात. हे आमच्या घरी सिद्ध झालेलं आहे.

“शून्य दे,” मी म्हणाले. “विचार कसला करतोस?”

“शून्यच देणार आहे,” तो म्हणाला. “पण खालची ओळ वाच.”

मी वाचली. कंसात तिने आधार दिला होता. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी स्वतः सांगितलं आहे.

त्याने लाल पेन उघडलं आणि बराच वेळ तसंच हातात धरून बसला.